बिठूरच्या वाड्यातील खेळ आणि झाशीची राणी

झाशी, १८ नोव्हेंबर : झाशीच्या किल्ल्यावर येणारा प्रवासी प्रथम तट, बुरूज आणि तोफा पाहतो. राणी लक्ष्मीबाईंचे चरित्रही बहुधा तेथूनच सांगितले जाते. १८५७ चा उठाव, १८५८ चा वेढा, काल्पी, ग्वाल्हेर आणि रणांगणावरील मृत्यू या क्रमाने ते पुढे जाते. त्याआधीची, बिठूरच्या वाड्यात गेलेली बालपणाची वर्षे दोन-चार ओळींत आटोपतात. मात्र घोड्याची पारख, तोल सांभाळण्याचे कसब, संकटातही न ढळणारी बुद्धी आणि सोबत्यांना बरोबर घेऊन चालण्याची सवय हे राणींचे गुण राज्यकारभार हाती आल्यावर एकाएकी निर्माण झालेले नव्हते. त्यांचे मूळ शोधू गेल्यास वाट एका पोरक्या मुलीच्या खेळाकडे जाते. १९ नोव्हेंबरच्या जयंतीनिमित्त त्यांच्या आयुष्याचा हा दुर्लक्षित भाग समजून घेण्यासारखा आहे.

काशीत जन्म, बिठूरला बालपण

राणींचे माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे. जन्म काशीचा. जन्मतिथी १९ नोव्हेंबर मानली जाते, परंतु वर्षाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक १८२८ हे वर्ष धरतात, तर काही १८३५. वडील मोरोपंत तांबे हे पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. आई भागीरथीबाई मुलगी अवघी तीन-चार वर्षांची असतानाच निवर्तल्या. चिमाजी आप्पांच्या निधनानंतर मोरोपंत मुलीला घेऊन बिठूरला, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला आले.

कानपूरजवळचे गंगाकाठचे बिठूर हे त्या काळी मराठी माणसांचे एक वेगळेच गाव बनले होते. १८१८ मध्ये राज्य गेल्यानंतर बाजीराव वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर येथे राहत होते. त्यांच्यामागोमाग पुण्याहून आलेले कारकून, भिक्षुक, शिलेदार, पागेदार आणि पहिलवान यांचे संसार गंगेच्या काठी उभे राहिले होते. राज्य संपले होते, पण घोड्यांची पागा, शस्त्रे आणि तालीम टिकून होती. लढाया उरल्या नसल्या तरी लढणाऱ्यांची विद्या वाड्यात जिवंत होती, आणि ती मुलांच्या डोळ्यांसमोर रोज वावरत होती.

अशा वाड्यात मनू वाढू लागली. घरात आई नव्हती, आजीचा धाक नव्हता, आणि वडिलांचा दिवस पेशव्यांच्या दरबारात जाई. मुलीला सोबत नेण्यावाचून मोरोपंतांना गत्यंतर नव्हते. साहजिकच तिचे संगती-सोबती वाड्यातील मुलगे झाले. बाजीरावांनी दत्तक घेतलेले नानासाहेब, तसेच रावसाहेब यांच्या सहवासात ती राहिली. वाड्यातील मंडळी तिला कौतुकाने छबेली म्हणत, असे चरित्रकार सांगतात.

या बालपणाविषयी लोकांत अनेक आख्यायिका आहेत. नानासाहेबांनी हत्तीवर बसवून घेतले नाही म्हणून मनू रुसली, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तात्या टोपे, नानासाहेब आणि मनू हे एका वयाचे सवंगडी होते, असेही चित्र रंगविले जाते. वयाचा हिशेब मात्र त्याला आधार देत नाही. नानासाहेब मनूपेक्षा काही वर्षांनी मोठे होते आणि तात्या तर त्याहूनही मोठे. तेव्हा हा समवयस्कांचा मेळावा नसून थोरल्या मुलांच्या मागे धावणाऱ्या एका लहान मुलीचा खेळ असावा. बालशिक्षणाच्या दृष्टीने ही बाब अधिकच महत्त्वाची आहे. मिश्र वयाच्या गटात धाकटे मूल थोरल्यांचे पाहून शिकते, आपल्या आवाक्याच्या किंचित पुढचे करून पाहते आणि पडल्यावर पुन्हा उठते. तेथे वेगळ्या शिक्षकाची गरज भासत नाही.

मुलींचे खेळ आणि मुलांचे खेळ

एकोणिसाव्या शतकातील मराठी ब्राह्मण घरांत मुलींना खेळ नव्हते असे नाही. भातुकली होती, सागरगोटे होते, फुगडी आणि झिम्मा होता. सागरगोट्यांत डोळा आणि हात यांचा मेळ बसतो, गणती पक्की होते. फुगडीत दुसरीच्या वजनावर आपला तोल सोपवावा लागतो. भातुकलीत घराचा व्यवहार, भाषा आणि नाती यांची उजळणी होते. या खेळांचे शैक्षणिक मोल मुळीच कमी नाही. परंतु त्यांची सीमा परसदारापाशी संपत असे, आणि काळही थोडाच असे. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झाले की मुलीचे खेळणे थांबे. सासरी आलेल्या मुलीला मनसोक्त खेळण्याची मोकळीक मिळे ती मुख्यतः मंगळागौरीच्या रात्री. वर्षातील एखाद्या रात्रीपुरते तिचे बालपण तिला परत दिले जाई, असे म्हटले तरी वावगे ठरू नये.

मनूच्या वाट्याला ही सीमा काही वर्षे उशिरा आली. तिने लिहिणे-वाचणे शिकले, घोड्यावर बसणे शिकले, तलवार फिरवणे शिकले. थोरली मुले हे सारे भावी कर्तव्य म्हणून शिकत होती. मनूवर तशी सक्ती नव्हती. तिच्याकडून कोणी राज्य चालवण्याची किंवा युद्ध करण्याची अपेक्षा धरली नव्हती. म्हणून तिच्यासाठी ते शिक्षण खेळच राहिले असावे. आपणहून केलेले, आवडीने पुन्हा पुन्हा केलेले आणि फळाची अट नसलेले काम म्हणजेच खेळ. त्यातून मिळालेले शिक्षण दीर्घकाळ टिकते, हे पुढच्या काळातील बालशिक्षणाने मान्य केले.

योगायोग असा की, याच सुमारास जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल हा शिक्षणतज्ज्ञ हीच गोष्ट शास्त्र म्हणून मांडत होता. १८३७ मध्ये त्याने लहान मुलांसाठी खेळावर आधारलेली संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. बिठूरच्या वाड्यात त्याचे नाव पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे जे घडत होते त्यामागे सिद्धांत नव्हता. मोकळी जागा, थोरांचा सहवास आणि अटकाव न करणारा बाप एवढीच त्याची सामग्री होती.

मल्लखांबाची शाळा

बिठूरच्या तालमीचे एक वैशिष्ट्य म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला असलेले बाळंभटदादा देवधर हे या विद्येचे पुनरुज्जीवक मानले जातात. त्यांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर माकडांच्या उड्या पाहून या कसरतीची प्रेरणा घेतली, अशी परंपरा आहे. बाजीराव उत्तरेत आल्यावर ही विद्याही त्यांच्याबरोबर गंगाकाठी आली आणि तेथून काशीपर्यंत पसरली.

मल्लखांब हा दिसायला साधा लाकडी खांब. खाली जाड, वर निमुळता, माथ्यावर बोंड, आणि तेल लावून गुळगुळीत केलेला. त्यावर चढताना हाताच्या पकडीवर विसंबून भागत नाही. मांड्यांची अढी, पायांची तेढी, पाठीचा बाक आणि श्वासाची लय यांचा मेळ घालावा लागतो. उलटे लटकल्यावर दिशा बदलतात, डावे-उजवे नव्याने समजून घ्यावे लागते. पकड कोठे सुटेल याचा अंदाज चुकला की खाली येणे अटळ असते. त्यामुळे मूल आपली ताकद आणि आपली भीती या दोहोंची मोजदाद स्वतःच करते. आज बालविकासाचे अभ्यासक ज्याला शरीराचे भान, जोखमीचा अंदाज आणि आत्मनियंत्रण म्हणतात, ते सारे या एका खांबावर एकत्र येते.

मनू बालपणी मल्लखांब कितपत करीत होती याची तपशीलवार नोंद नाही. मोठेपणीची नोंद मात्र आहे, आणि ती प्रत्यक्षदर्शीची आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरातच होते. त्यांच्या आठवणींचे माझा प्रवास हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. राणींना व्यायामाची मोठी आवड होती, पहाटे उठून त्या मल्लखांबाजवळ कसरत करीत आणि मग घोड्यावर बसत, असे गोडसे यांनी नोंदविले आहे. लग्न, अपत्यवियोग, वैधव्य आणि राज्यहरण यांतून गेलेली एक स्त्री पहाटे उठून मल्लखांब करते, ही सवय प्रौढपणी नव्याने लागणारी नव्हे. तिचा उगम बालपणाकडेच निर्देश करतो.

थांबलेला खेळ

१८४२ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी मनूचा विवाह झाला. जन्मवर्ष १८३५ धरल्यास ती तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती, आणि १८२८ धरल्यास तेरा-चौदा वर्षांची. दोन्ही हिशेबांनी ती मूलच होती, तर गंगाधरराव वयाने पुष्कळ मोठे. झाशीतील गणेश मंदिरात हा विवाह झाल्याचे सांगतात. मणिकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली आणि पागेतून थेट राजवाड्याच्या बंधनात आली.

गंगाधररावांना नाटकाची आणि ग्रंथांची आवड होती. झाशीचा ग्रंथसंग्रह नावाजलेला होता. पण राणीवशातील जीवन मोकळे नव्हते. मुक्तपणे घोडा दौडवणाऱ्या मुलीची ही वर्षे कशी गेली असतील याचा अंदाज बांधता येतो. १८५१ मध्ये त्यांना मुलगा झाला, पण तो काही महिन्यांतच दगावला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्युशय्येवर असताना आप्तांतील आनंदराव या पाच वर्षांच्या आतील मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, राजांचे निधन झाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणींना महिना पाच हजार रुपयांचा तनखा ठरला आणि किल्ला सोडून शहरातील महालात राहावे लागले.

त्या काळच्या रिवाजानुसार विधवेने अंधाऱ्या खोलीत दिवस कंठावेत अशी अपेक्षा असे. लक्ष्मीबाईंनी याच काळात बालपणीची विद्या पुन्हा हाती घेतली. पहाटेची कसरत, घोड्याची फेरी, त्यानंतर स्नान, पूजा आणि कामकाज असा त्यांचा दिनक्रम बसला. अश्वपरीक्षेत उत्तर हिंदुस्थानात ज्या मोजक्या व्यक्तींची नावे घेतली जात, त्यांत नानासाहेब पेशव्यांबरोबर राणींचेही नाव होते. विक्रीस आलेल्या दोन घोड्यांवर बसून पाहिल्यावर त्यांनी एकाची किंमत भारी ठरविली आणि वरून तितक्याच देखण्या दिसणाऱ्या दुसऱ्याच्या छातीतील दुखापत ओळखून त्याची किंमत नाममात्र केली, अशी हकिकत सांगितली जाते. एकाच वाड्यात खेळलेल्या दोघांची नावे या एका विद्येत शेजारी शेजारी यावीत, हे पुरेसे बोलके आहे.

सोबतिणींचा मेळ

जून १८५७ मध्ये झाशीतील पलटणींनी उठाव केला आणि इंग्रजी सत्ता तेथून नाहीशी झाली. त्यानंतरचे सुमारे दहा महिने राणींनी राज्य चालविले. न्यायनिवाडा केला, शेजारच्या ओरछा संस्थानच्या फौजेचे आक्रमण परतविले, तोफा ओतविल्या. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा घातला. त्या वेळी शहरातील बायका तोफांच्या मोर्चांवर दारूगोळा पोहोचवीत आणि तटाची डागडुजी करीत असल्याचे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे.

एकटी राणी शूर असणे आणि शेकडो सामान्य बायकांनी तटावर उभे राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी विश्वास लागतो, कामाची वाटणी लागते आणि इतरांना बरोबर घेण्याची हातोटी लागते. ती मुले सर्वप्रथम खेळात शिकतात. कोणाला कोठे उभे करायचे, डाव उलटला तर काय बदलायचे, रुसलेल्याला परत कसे आणायचे, हा व्यवहार अंगणात रोज चालतो. राणींनी महालातील दासींनाही घोडेस्वारी आणि शस्त्रांचा सराव दिल्याचे चरित्रकार सांगतात. बिठूरला एका मुलीला योगायोगाने मिळालेली मोकळीक झाशीत इतर स्त्रियांपर्यंत पोहोचली, असा त्याचा अर्थ होतो.

३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज फौज शहरात शिरली. त्यानंतर रात्रीच्या अंधारात राणी दामोदररावाला घेऊन किल्ल्याबाहेर पडल्या. पाठलाग चुकवीत त्यांनी भांडेरमार्गे काल्पी गाठली. मूल पाठीशी बांधून शंभर मैलांच्या आसपास दौड केल्याची आठवण लोकांनी जपली आहे. मे महिन्यात काल्पी पडली. जूनच्या आरंभी रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी यांनी ग्वाल्हेर घेतले. बिठूरच्या वाड्यातील मंडळी पुन्हा एकत्र आली होती, पण हे एकत्र येणे अल्पकाळाचे ठरले. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथील लढाईत राणींना मृत्यू आला. इंग्रजी कागदपत्रांत १७ जून, तर स्मृतिदिन म्हणून अनेक ठिकाणी १८ जून १८५८ ही तारीख मानली जाते. त्या दिवशी त्या नव्या घोड्यावर स्वार होत्या आणि तो ओढ्यापाशी अडला, अशी हकिकत जुन्या चरित्रांत आहे.

दामोदररावाचे हरवलेले अंगण

राणींच्या चरित्रात खेळलेल्या मुलीबरोबर खेळ हरवलेला एक मुलगाही आहे. पाच वर्षांचा होण्याआधी दत्तक, लगेच पित्याचा मृत्यू, राज्य खालसा, मग वेढा आणि पलायन. राणींच्या मृत्यूच्या वेळी दामोदरराव अवघा आठ-नऊ वर्षांचा होता. त्यानंतर काही विश्वासू सेवकांबरोबर तो रानावनांत भटकत राहिला. १८६० मध्ये तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि इंदूरला वाढला. तुटपुंज्या तनख्यावर आयुष्य काढून १९०६ मध्ये इंदूरलाच त्याचे निधन झाले. इतिहासाने त्याला आईच्या पाठीवरचे मूल म्हणून लक्षात ठेवले. त्याला खेळायला अंगण मिळाले नाही, याची नोंद कोणी घेतली नाही. युद्ध, विस्थापन आणि दारिद्र्य यांत सापडलेल्या मुलांचा खेळच सर्वांत आधी हिरावला जातो, आणि ती हानी कोणत्याही नुकसानभरपाईत धरली जात नाही.

आजच्या मुलांसाठी

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क मानला असून भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान तीन तासांची शारीरिक हालचाल आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक वेळ बसू न देणे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी वस्त्यांत याच विचाराच्या बालवाड्या उभ्या केल्या. तेथे खेळाचे साहित्य परिसरातूनच, पाने, बिया, शंख-शिंपले यांतून मिळविले जाई.

मल्लखांबही आता तालमीपुरता राहिलेला नाही. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्य क्रीडेचा दर्जा दिला. २०१९ मध्ये मुंबईतील शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तीत मुलींचाही सहभाग होता. दोरीच्या मल्लखांबावर आज अनेक गावांतील मुली सहज कसरती करतात.

तरीही मैदानाची जागा इमारतींनी आणि संध्याकाळची जागा शिकवणीने घेतली आहे. मुलगी वयात येऊ लागली की तिचे मैदानावर जाणे आजही अनेक घरांत थांबते. मूल खेळले म्हणजे ते राणी लक्ष्मीबाईंसारखे पराक्रमी होईल, असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. मनूलाही कोणी पराक्रमासाठी खेळू दिले नव्हते. तिच्या भोवतालच्या माणसांनी तिला अडविले नाही, एवढेच घडले. पुढे प्रसंग आला तेव्हा तिच्यापाशी जे होते, त्यातील बरेचसे त्या न अडविलेल्या वर्षांत जमा झाले होते.

झाशीत राणींची आठवण किल्ल्यापुरती नाही. शहरातील महाल, गणेश मंदिर आणि चौकांतील पुतळे यांतून ती जागोजागी दिसते. जयंतीच्या दिवशी शाळांतील मुली नऊवारी नेसून, हाती लाकडी तलवार घेऊन मिरवणुकीत सामील होतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांना मैदानावर आणखी तासभर मोकळे सोडले, तर तेही राणींचे उचित स्मरण ठरेल.